चिकटवहीतली रंगीत पट्टी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला बजावले होते, "विषय हौशीचा घ्या, पण घरी जाऊन करता येईल असा घ्या." म्हणून मी आज रंगीत कागदी पट्टीवर चार शब्द बोलणार आहे. दुकानदार हिला वाशी टेप म्हणतात. शाळा-कॉलेजातल्या मुली ती वह्यांना नि भेटकार्डांना लावतात, आणि आपण म्हणतो, "पोरींचे खेळ!" पण हा खेळ आपल्या हाती आला तर घरातले एक राहून गेलेले काम पुरे होईल, असे मला वाटते. ते काम म्हणजे घरातले जुने फोटो, पत्रे आणि पत्रिका नावानिशी चिकटवहीत लावून ठेवणे.

आधी या पट्टीची जन्मकथा सांगते, कारण ती ऐकण्याजोगी आहे. मोटारीला दोन रंग देताना एक रंग दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून कडेला लावायची कागदी चिकटपट्टी अमेरिकेत रिचर्ड ड्रू या गृहस्थाने 1925 साली काढली. जपानात कुराशिकी गावी कामोई नावाचा कारखाना आहे. तो 1923 साली निघाला तो माश्या पकडण्याचा चिकट कागद करण्यासाठी! पुढे तिथेही रंगाऱ्यांच्या कामाची पट्टी होऊ लागली. 2006 साली तोकियोच्या तीन स्त्रियांनी हा कारखाना पाहण्याची परवानगी मागितली. त्यांना या पट्टीचे रंग आणि तिचा तलम कागद इतका आवडला होता, की तिच्यावर त्यांनी स्वतः एक छोटे पुस्तक केले होते. त्यांच्या आग्रहातून 2008 साली केवळ सजावटीसाठी रंगीत पट्ट्या निघाल्या, आणि तिथून त्या जगभर गेल्या. वाशी म्हणजे जपानी कागद. तीन बायकांच्या हौशीने कारखान्याला नवा धंदा दाखवला, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हिचे गुण तीन. हाताने फाटते, कात्री लागत नाही. लावल्यावर वाकडी गेली तर अलगद उचलून पुन्हा लावता येते. आणि ती कागदाची असल्यामुळे तिच्यावर लिहिता येते. आपण सर्रास वापरतो ती पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. आईच्या हातचे पत्र अशा पट्टीने जोडले, की ते वाचवता वाचवताच खराब होते.

मात्र एक पथ्य पाळा. कागदी पट्टीसुद्धा फोटोच्या चेहऱ्यावर, म्हणजे चकचकीत बाजूवर, लावू नका. जुन्या अल्बमांत काळ्या कागदाचे तिकोनी कोपरे असत. तसेच कोपरे जाड कागदाचे करा, त्यांत फोटो बसवा आणि पट्टी कोपऱ्यांवर लावा. उद्या फोटो बाहेर काढायचा झाला तर तो सुखरूप निघेल. पाने जाड आणि साधी घ्या. हातकागद मिळाला तर उत्तमच. पुण्याची हातकागद संस्था 1940 साली गांधीजींच्या प्रेरणेने निघाली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा असा कागद चांगला टिकतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पहिली कृती काठाची. लुगड्याला काठ तसा पानाला काठ. फूटपट्टी धरून चारी बाजूंनी पट्टी लावा. कोपऱ्यावर दोन पट्ट्या एकमेकींवर येतात, तिथे तिरका काप द्या, म्हणजे चौकट सुताराने केल्यासारखी बसते. काठ लावल्यावर नखाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबा.

दुसरी बिजागरीची. जुन्या पत्राच्या किंवा पाककृतीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी मजकूर असतो. तो सबंध चिकटवला तर मागची बाजू गेली. म्हणून फक्त डाव्या कडेला पट्टी लावा, निम्मी कागदावर आणि निम्मी पानावर. कागद दारासारखा उघडतो आणि दोन्ही बाजू वाचता येतात.

तिसरी खिशाची. पानावर जाड कागदाचा तुकडा ठेवून त्याच्या तीन बाजूंना पट्टी लावा. त्या खिशात लग्नाची पत्रिका, बारशाचे आमंत्रण, बसचे तिकीट, काहीही राहते.

चौथी कृती उरल्यासुरल्या तुकड्यांची. गोधडी कशी करतो? चिंधीला चिंधी जोडून. तसेच पट्ट्यांचे तुकडे बटर पेपरवर शेजारीशेजारी लावा. मग त्यातून कुयरी, पान किंवा कमळ कापा, बटर पेपर सोलून काढा आणि आकृती पानावर लावा. नातवंडांना हे काम फार आवडते. दोऱ्याभोवती पट्टी दुमडून टोकाला खाच दिली की पताका होते. गणपतीच्या फोटोंच्या पानावर ती शोभते.

पाचवी कृती खुणेची. पानाच्या कडेला पट्टीची छोटी जीभ काढा. माहेरची पाने हिरवी, सासरची लाल, आजोळची पिवळी. वही मिटलेली असतानाही कुठे काय आहे ते कळते.

सहावी कृती सर्वांत साधी आहे, पण मी मुख्यत्वे तिच्यासाठीच बोलायला उभी राहिले. साध्या, फिकट रंगाची पट्टी फोटोखाली लावा आणि तिच्यावर फोटोतल्या माणसांची नावे लिहा.

तुम्ही म्हणाल, यात काय कला? पण आपापल्या घरातले जुने फोटो डोळ्यांसमोर आणा. पुरुषांची नावे बहुधा सापडतात. हुद्दाही लिहिलेला असतो. बायकांच्या फोटोमागे काय असते? 'सौ. वहिनी', 'मोठ्या काकू', 'आक्का'. आमच्या घरी सात बायकांचा हळदीकुंकवाचा एक फोटो आहे. त्यातल्या पाचजणींची नावे नव्वदीला टेकलेल्या आमच्या आत्याबाईंनी सांगितली. उरलेल्या दोघी कोण, ते सांगणारे आता कोणी नाही. दोघी हसताहेत. चेहरा आहे, दागिने आहेत, नाव मात्र गेले.

आपल्याकडे मुलीचे नाव एकदा लग्नात बदलते, तेही तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून. त्या ताटाच्या आधीचे नाव पुढे कोणाला ठाऊक असते? आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. बाबूराव पेंटरांनी 1920 साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला, तेव्हा सिनेमात काम करणाऱ्या बाईला समाजात मान नव्हता. त्यात गुलाबबाई आणि अनुसूयाबाई यांनी धीराने कामे केली, पण पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. कोणी लिहून ठेवले म्हणून त्यांची खरी नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या आज्या-पणज्यांचे कोण लिहिणार? आपणच.

म्हणून पट्टीवर तिचे माहेरचे नाव लिहा, सासरचे लिहा, गाव लिहा आणि ठाऊक असेल ते साल लिहा. खात्री नसेल तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घाला. उद्या कोणी बरोबर नाव सांगितले की जुनी पट्टी उचलायची आणि नवी लावायची. फोटोला ओरखडाही नाही. लिहायला शिसपेन्सिल चांगली. साधी शाई पाण्याने पसरते, शिसपेन्सिल पसरत नाही.

पाण्याचे नाव निघाले म्हणून सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी आपल्या गावात शिरले. भांडी धुऊन घेता आली, गाद्या नव्या भरता आल्या. पण एकमेकांना चिकटून लगदा झालेले फोटो परत कुठून आणायचे? तेव्हा चिकटवही तळच्या कप्प्यात ठेवू नका, माळ्यावर किंवा वरच्या फडताळात ठेवा. आणि प्रत्येक पान पुरे झाले की मुलांकडून मोबाइलवर त्याचा फोटो काढून तो परगावच्या नातेवाइकांकडे पाठवा. वही एका घरी राहील, नावे दहा घरी पोचतील.

भगिनींनो, हे काम खर्चाचे नाही. दोन-तीन पट्ट्या पुष्कळ दिवस पुरतात. घाई मात्र आहे, कारण नावे सांगू शकणाऱ्या आजीबाई कायम आपल्याजवळ राहणार नाहीत. माझी एवढीच विनंती आहे, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने एक पान पुरे करून आणावे. ज्या फोटोतली माणसे ओळखत नाहीत तोही संगे आणावा, कोण जाणे, शेजारच्या पेठेतली एखादी म्हणेल, "अगं, ही तर माझी मावशी!" आणि आपल्या मंडळाच्या कपाटातले जुने फोटो त्याच दिवशी बाहेर काढू, ज्येष्ठ भगिनींना मध्ये बसवू आणि एकेका चेहऱ्याखाली पट्टी लावू.