पक्षाघातानंतरचा हात आणि यंत्राची मदत



ऊसतोड असो, भाकरी थापणे असो की गाईची धार काढणे असो, अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामीण संसार हाताच्या बळावर चालतो. पक्षाघाताने, म्हणजे ज्याला गावोगाव लकवा म्हणतात त्याने, एक हात लुळा पडला की त्या घराचा रोजगारच अडतो. पाय बहुधा आधी सावरतो आणि रुग्ण काठी टेकीत अंगणात येतो. हात मात्र मागे राहतो.

वास्तविक इजा हाताला झालेली नसते, ती मेंदूला झालेली असते. मेंदूचे शाबूत भाग गमावलेले काम काही प्रमाणात नव्याने शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा आणि रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नाने व्हावी लागते. पण 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी अवघ्या 32 होतात, असे आढळले.

ही उणीव यंत्राने भरून काढण्याचा प्रयत्न अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत नेव्हिल होगन व हर्मानो क्रेब्स यांनी केला. त्यांच्या यंत्राचे नाव ‘मॅनस’. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ हात. रुग्णाचा हात यंत्राच्या मुठीला बांधतात आणि समोरच्या पडद्यावरील खुणेकडे तो न्यावयास सांगतात. रुग्णाला जमेल तेवढे यंत्र त्याला करू देते, अडेल तेथे हलकेच पुढे नेते. ते थकत नाही, कंटाळत नाही.

तथापि यंत्र म्हणजे जादूची कांडी नव्हे. ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर याच यंत्राची चाचणी झाली. 2019 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार हाताची हालचाल किंचित सुधारली, परंतु नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कामकाजात अपेक्षित वाढ दिसली नाही. त्या चाचणीत रुग्णांना आठवड्यातून तीनदा, 12 आठवडे उपचार दिले होते. अकोले वा पाथर्डीच्या वाडीवरील मजुराला एवढे हेलपाटे कसे परवडावेत? लोणीस 1984 पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे तेथे भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. पण जिल्ह्याचा विस्तार 17 हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे.

मग घरच्यांनीच व्यायाम करून घ्यावा काय? भारतातील 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांच्या बाबतीत हाही प्रयोग झाला. 2017 च्या अहवालानुसार केवळ कुटुंबीयांना शिकवून रुग्णांचे परावलंबन कमी झाले नाही. तेव्हा यंत्राच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी भौतिकोपचारतज्ज्ञ हवा, हे उघड आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. अशा जिल्ह्यात तज्ज्ञाने ठरवून दिलेल्या व्यायामाची नोंद गावातील आशा सेविका ठेवू शकणार नाही, असे का मानावे?

रुग्णाला उठविताना लुळा हात धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. आणि तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे यांपैकी एकही लक्षण दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.