दारातलं पाणी आणि नाळीची भाजी

कुणी तांदूळ निवडत असेल, कुणी लेकराला निजवत असेल. हात चालू राहू द्या आणि ऐका. आज मी परसातल्या नाळीच्या भाजीबद्दल बोलणार आहे. आणि माझ्या एका चुकीबद्दलही बोलणार आहे, कारण ती तुमच्या दारात व्हायला नको.

नाळीची भाजी आपल्याला नवीन नाही. पावसाळ्यात ओहोळाच्या, तळ्याच्या कडेला पाण्यावर पसरते ती. देठ पोकळ, नळीसारखा, म्हणून नाळी. पान लांबट, बाणाच्या टोकासारखं. फूल फिकट जांभळं, कर्ण्यासारखं. ही रताळ्याच्या कुळातली. पालेभाजी म्हणून लोह आणि जीवनसत्त्व ‘अ’ देणारी, आणि पालक-मेथी उन्हाने करपते तेव्हाही हिरवी राहणारी.

तळ्यातून खुडून आणली की झालं, मग दारात कशाला लावायची? कारण तळ्यात गावाचं सांडपाणी येतं, गुरं बसतात, आणि ही भाजी पाण्यातलं चांगलंवाईट सगळं ओढून घेते. गुरांना लिव्हरफ्लूक नावाचा जंत होतो, हे शेळ्या-म्हशी पाळणाऱ्या बायकांना ठाऊक असेल. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात, तिथल्या गोगलगायीत वाढतात आणि मग पिल्लं पाणवनस्पतींच्या पाना-देठांना चिकटून बसतात. तसा पाला कच्चा खाल्ला तर तो जंत माणसालाही होऊ शकतो. म्हणून पहिला नियम: पाण्यातली कुठलीही भाजी कच्ची खायची नाही. नीट शिजवूनच खायची. दारातली असली तरीही.

आता लावायची कशी? आमच्या गटात दोन पद्धती आहेत. जागा कमी असेल तर रुंद तोंडाचा टब. जागा असेल तर चार फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट खोल खड्डा, त्यात जाड प्लास्टिकची ताडपत्री. रंगाचे जुने डबे किंवा औषधाचे कॅन वापरू नका. तळाला सहा इंच माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत, त्यावर तीन-चार इंच पाणी. एवढ्या खड्ड्याला साधारण शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. पुढे तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोज घालत राहायचं. साबणाचं पाणी मात्र नको.

बी नसलं तरी चालतं. बाजारातल्या ताज्या जुडीतले जून देठ घ्या, वीतभर लांबीचे. दोन पेरं मातीत जातील असे खोचा. आठवड्यात मुळं धरतात, तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळते. तोडताना उपटू नका. खालची दोन-तीन पेरं ठेवून कापा, तिथूनच नवे फुटवे येतात. मग दर दहा-पंधरा दिवसांनी भाजी. पाच-सहा तास ऊन हवं. थंडीत ती मंदावते, म्हणून लावायची तर फेब्रुवारीच्या अखेरीला किंवा जूनमध्ये.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी उत्साहाने अकरा घरांत टब ठेवायला लावले. सांगितलं, “पाणी घाला, काड्या खोचा, बाकी काही करावं लागत नाही.” भाद्रपदात गावात तापाची साथ आली. आशाताई घरोघर पाणी तपासत फिरल्या आणि आमच्या तीन टबांत अळ्या सापडल्या. गटातल्या एका बाईची मुलगी डेंग्यूने दवाखान्यात होती. डास आमच्याच टबातले होते, असं कुणी म्हणालं नाही. पण बैठकीत त्या माउलीने एवढंच विचारलं, “ताई, पाणी साठवू नका असं तुम्हीच सांगत होता ना?” मला उत्तर देता आलं नाही. मुलगी बरी होऊन घरी आली, पण तो प्रश्न माझ्यापाशी राहिला.

त्या बैठकीत अर्ध्या बायका म्हणाल्या, टब फेकून देऊ. आशाताईंनी मार्ग दाखवला. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा साखळी तोडली की झालं.

लहान टब असेल तर दर आठवड्याला पाणी झाडांच्या मुळाशी ओता, गटारात नको. टबाची आतली कड काथ्याने घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही ते याचमुळे.

खड्डा असेल तर त्यात पाच-सहा गप्पी मासे सोडा. आरोग्य उपकेंद्रात विचारा. एका कोपऱ्यात माती भरू नका, म्हणजे उन्हात माशांना खोल पाणी मिळतं. भाजीवर कसलंही औषध फवारू नका, मासे मरतील. आणि तोडणी वेळेवर करा. पाला दाट झाला की माशांना अळ्यांपर्यंत पोहोचता येत नाही. मासे असले तरी आठवड्याला पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन बघा. वळवळ दिसली तर लगेच पाणी काढा. गप्पी मासे ओढ्यात, नदीत सोडू नका, तिथल्या माशांची पिल्लं ते खातात.

अजून दोन गोष्टी. घरात रांगतं, चालतं लेकरू असेल तर वर लोखंडी जाळी हवीच. वीतभर पाण्यातही मूल बुडतं. आणि काठावरची बेशरम ओळखायला शिका. तीही याच कुळातली, फूलही तसंच, पण विषारी. ती माणसाएवढी उभी वाढते, खोड टणक होतं, पान मोठं, हृदयाच्या आकाराचं. नाळी मऊ असते आणि पाण्यावर सरपटते. शंका असेल तर खुडू नका.

करायला सोपी. बारीक चिरा, लसूण-मिरचीची फोडणी, कांदा, वाफ काढून वरून ओलं खोबरं. आमच्याकडे सुकट घालूनही करतात.

आज आमच्या गटात सात घरांत नाळी आहे. चौघींनी टब काढून टाकले, त्यांना मी आग्रह केला नाही. उरलेल्या सातजणी दर गुरुवारी बैठकीला येण्याआधी वाटी घेऊन पाणी बघतात, आणि हजेरीच्या वहीत बचतीच्या रकमेशेजारी तशी खूण करतात. ज्या माउलीने मला प्रश्न विचारला होता, ती वही आता तिच्याकडेच असते.