सूर्य बघायचा, पण काच कुठे लावायची?

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चतुर्थीला चंद्र बघू नये, हे आपल्या सगळ्यांना आजीने बजावलेले असते. सूर्याबद्दल ती काही बोललेली नसते. भर दिवसा सूर्याकडे टक लावून बघण्याचा वेडेपणा कोणी करील, असे तिला वाटलेच नसावे! तोच वेडेपणा शहाणपणाने कसा करावा, हे सांगायला मी उभा आहे. येत्या रविवारी मंडपामागच्या मैदानावर आपण बायनॉक्युलर लावून सर्वांना सूर्य दाखवणार आहोत. दोन-तीन पालकांनी मला गाठून विचारले, "मुलांच्या डोळ्यांना काही होणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे.

आपली भिलाई पोलादाची. इथल्या घराघरात कपाटात एखादी निळी काच सापडते. भट्टीत डोकावायला ती उत्तम, पण सूर्यासाठी मुळीच नाही. पोलाद सोळाशे अंशांच्या आसपास वितळलेले असते, तर सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. वेल्डिंगच्या मुखवट्यातली काच बहुधा १० किंवा ११ नंबरची असते, तीही अपुरी. १४ नंबरची काच मिळाली तर नुसत्या डोळ्यांनी सूर्य बघता येतो. नुसत्या डोळ्यांनी, हे लक्षात ठेवा.

कारण खरी मेख इथेच आहे. दिवसा आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते. १० × ५० च्या बायनॉक्युलरचे पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे. म्हणजे ते बाहुलीच्या शेकडो पट प्रकाश गोळा करते आणि मागच्या बाजूने बारीक झोत करून बाहेर सोडते. ग्रहणाचा चष्मा घालून बायनॉक्युलरला डोळे लावले, तर हा झोत आधी चष्म्यावर पडतो. चष्म्याची फिल्म क्षणात वितळते आणि मग डोळ्याची पाळी. म्हणून गाळणी लावायची ती बायनॉक्युलरच्या सूर्याकडच्या टोकाला, दोन्ही भिंगांवर. प्रकाश आत शिरण्याआधीच अडला पाहिजे. डोळ्याकडच्या बाजूला काहीही लावायचे नाही, कितीही काळे असले तरी.

माझ्या खात्यातला एक सहकारी २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण एक्स-रेच्या फिल्ममधून बघत बसला होता. त्या वेळी काहीच दुखले नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाही, तीच तर पंचाईत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडले तेव्हा तो ज्या अक्षराकडे बघेल नेमके तेच अक्षर पुसलेले. तो ठिपका पुढे फिका झाला, गेला मात्र नाही. निवृत्त होईपर्यंत मोजमापाचे बारीक काम तो शेजाऱ्याकडून वाचून घेत असे.

आपण वापरणार आहोत ती बाडर या जर्मन कंपनीची सौर फिल्म. ती एक लाख भागांतला एकच भाग प्रकाश आत सोडते. विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. फिल्मवर ५.० असा आकडा हवा. ३.८ ची फिल्म फक्त छायाचित्रांसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचे नाही. चौकटी मी घरीच मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून केल्या आहेत (खोके रिकामे करण्याचे काम नातवंडांनी आनंदाने केले). फिल्म ताणून बसवायची नाही, थोड्या सुरकुत्या चालतात. पण टाचणीएवढे भोकसुद्धा चालत नाही. म्हणून दर वेळी दिव्यासमोर धरून तपासायची, आणि शंका आली तर सरळ फेकून द्यायची. चौकट वाऱ्याने उडू नये म्हणून वरून चिकटपट्टी.

आता सूर्य सापडवायचा कसा? बायनॉक्युलरमधून शोधत बसायचे नाही. जमिनीवर पडलेली त्याची सावली बघायची. ती सर्वांत लहान झाली की बायनॉक्युलर सूर्याकडे रोखलेले आहे असे समजावे. रविवारी ते तिपाईवर घट्ट बसवलेले असेल आणि शेजारी मी किंवा आमच्यापैकी कोणीतरी सतत उभा असेल.

आणि दिसणार काय? फूटभर अंतरावर धरलेल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढा सूर्य. मध्ये उजळ, कडेला किंचित मंद. त्यावर नशिबाने डाग: मधोमध काळा ठिपका, भोवती करडी झालर. ते काळे नसतात बरे का, भोवतीपेक्षा हजार-दीड हजार अंशांनी थंड, म्हणून तसे दिसतात. मे २०२४ मध्ये एक डागसमूह पृथ्वीच्या सुमारे पंधरापट रुंद होता. तो ग्रहणाच्या चष्म्यातून, बायनॉक्युलरशिवायही दिसत होता. त्याच्या उद्रेकांमुळे १० मेच्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश उमटला.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, पृथ्वीवरून बघता साधारण २७ दिवसांत एकदा. त्यामुळे गणपती बसले त्या दिवशी पूर्वेच्या कडेजवळ दिसलेला डाग टिकला तर अनंत चतुर्दशीपर्यंत पश्चिमेच्या कडेजवळ पोहोचतो. मुलांनी वहीत एक वर्तुळ काढून रोज डागाची जागा टिपावी. भाद्रपदातले ढग मेहेरबान झाले तर दहा दिवसांत पाच-सहा नोंदी सहज होतील. मात्र पातळ ढगाआडून सूर्य सौम्य दिसला म्हणून गाळणी काढायची नाही. २१ मे २०३१ च्या ग्रहणात केरळ-तामिळनाडूतून सूर्याचे कंकण दिसेल. तिथे जाणाऱ्यांनी कंकण दिसत असतानाही गाळणी तशीच ठेवायची.

रविवारी सकाळी आठ ते दहा. लहान मुलांबरोबर मोठे कोणीतरी हवे. चष्मा असलेल्यांनी तो घालूनच यावे. घरचे बायनॉक्युलर असेल तर तेही आणा, फिल्म शिल्लक आहे. त्याच्या पुढच्या भिंगाचे माप मात्र शनिवारच्या आरतीनंतर मला सांगा, म्हणजे चौकट रात्रीच कापून ठेवतो.