पीक बुडते त्या संध्याकाळी

(चिकलठाणा येथील बैठकीत केलेले भाषण)



इथे चिकलठाण्यात विमानतळ आहे आणि वेधशाळाही आहे. जिल्ह्याच्या गावी किती पाऊस झाला म्हणून पेपरात जो आकडा छापून येतो, तो या वेधशाळेतला. आकडा अगदी दशांशापर्यंत बरोबर असतो. पण वेधशाळेतला माणूस पाऊस मोजतो, पाडत नाही. आपली वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. एखाद्या वर्षी चार दिवसांत धो धो पडतो, बोंडे भरायच्या वेळी महिनाभर थेंब नसतो, आणि तरी कागदावर सरासरी गाठली म्हणून वर्ष चांगले!

कोरडवाहू शेती करायची म्हणजे कधी ना कधी तोंडघशी पडणे आलेच. मला आज बोलायचे आहे ते त्या दिवसाच्या संध्याकाळबद्दल. पीक गेले आहे. माणूस घरी येतो. कोणावर ओरडतो? भावाशी जुना बांधाचा वाद उकरून काढतो? की काहीच न बोलता भिंतीकडे तोंड करून पडतो?

आहे त्यात समाधान माना, हे सांगायला मी आलेलो नाही. तसे सांगणारे पुष्कळ आहेत. घामाचा दाम मागायचा तो मागायचाच. पण मागणारा माणूस आतून शाबूत राहिला पाहिजे. तो कडवट झाला, मोडला, तर मागणार कोण?

देहूच्या तुकोबांचे उदाहरण घ्या. ते कुणबी होते, घरात दुकानदारी होती, महाजनकी आणि सावकारी होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली बायको अन्नावाचून गेली. हे मागाहून कोणी रचलेले नाही, त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. घरात शिल्लक काय उरले? लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते. दुसरा एखादा म्हणाला असता, माझे सगळे गेले, आता मी कोणालाही सोडणार नाही. परंपरा सांगते की तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याच्या हवाली केला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही. मन मोठे करायचे ते आपल्या वाट्यातून, दुसऱ्याच्या खिशातून नव्हे. दोन, त्यांनी दुःख झाकले नाही. दिवाळे निघाले हे चारचौघांत सांगितले.  मोठ्या मनाच्या माणसालाही रडू येते. फक्त तो आपल्या दुःखाची वसुली दुसऱ्याकडून करत नाही.

आता आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आठवते ते १९७२ सांगतो. विहिरी आटल्या, कडबा संपला, अमेरिकेची मिलो ज्वारी खाल्ली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामावर होती. त्यात भूमिहीन होते, तसे जमीनवालेही होते. ज्यांच्या घरी सालगडी असत, त्यांनीही घमेले उचलले. नाला बांध, पाझर तलाव आणि रस्ते या हातांनी झाले. त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली दिल्लीला देशासाठी तसा कायदा करावा लागला. त्या माणसांना पाऊस कधी येणार हे ठाऊक नव्हते. पाणी येईल तेव्हा अडायला बांध असावा, एवढे त्यांनी केले. आशा म्हणतात ती याला. पुढच्या साली भाव दुप्पट होईल म्हणून आज कर्ज काढणे, ही आशा नव्हे, तो जुगार आहे.

२०१७ चा खरीप तर तुम्ही सगळ्यांनी पाहिला. गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. कोणी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला, कोणी जनावरे सोडली. अळीचे पोट भरते ते आपण फरदड ठेवतो म्हणून. बोंडात आणि पऱ्हाटीत ती सुप्त राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. डिसेंबरअखेर कपाशी उपटा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, हे आपल्याला पाठ आहे. पण एकट्याने करून भागत नाही. पतंगाला बांध कळत नाही. तुमचे आणि शेजाऱ्याचे बोलणे बंद असेल, तर त्याच्या शेतातला पतंग तुमच्या शेतात येणारच. तेव्हा पहिला शब्द कोणी बोलायचा, यावर अडून बसू नका. मन मोठे करणे हे इथे कीड नियंत्रणाचेच काम आहे.

शेवटचे सांगतो आणि ते सगळ्यांत महत्त्वाचे आहे. आपल्या मराठवाड्यात कर्ता माणूस स्वतःला संपवतो आणि मग गाव म्हणते, काल तर पारावर बसला होता, काही बोलला नाही. अहो, तो बोलला नाही, पण आपण तरी विचारले का? ज्याची झोप गेली, जेवण गेले, जो माणसांत येईनासा झाला, त्याच्याकडे आजच जा. होईल सगळे ठीक, असे वरवरचे बोलू नका. देणे किती, कोणाचे, ते त्याच्याजवळ बसून कागदावर मांडा. रात्री त्याला एकटे सोडू नका. ताप आला की दवाखान्यात नेतो, तसे याही दुखण्याला डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. आणि मायबहिणींनो, हे दुःख फक्त पुरुषाचे नाही. घरातली बाई गप्प झाली असेल तर तिलाही विचारा.

खरीप हातचा गेला तर परतीच्या पावसाची ओल बघून आपण मालदांडी पेरतो. कपाशीचे पैसे त्यातून निघत नाहीत, हे पेरताना ठाऊक असते. पण घरात भाकरी येते, बैलाला कडबा होतो. तेवढ्यासाठी आपण पुन्हा पाभर जुंपतो. शेजाऱ्याकडे बी नसेल, पाभर नसेल, तर या रब्बीला आपली पाभर आधी त्याच्या वावरात घाला.

एवढे बोलून मी थांबतो.