बरोबरीने धावणारे शिक्षक
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि एका आदिवासी पाड्याचे नाव देशभर पोहोचले. त्यांना घडवणारे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांचेही कौतुक झाले, ते योग्यच होते. मात्र अशा प्रत्येक यशोगाथेच्या कडेला एक प्रश्न उभा असतो. ज्या मुलाच्या पायांत पदकाचा वेग नाही, त्याच्यासाठी पहाटे कोण उठणार?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात मिळते. बॉइल हाइट्स हा तेथील बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या श्रमिक कुटुंबांचा भाग. अभ्यासात मागे पडलेल्या, शिक्षण अर्धवट सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी तेथे एक वेगळी शाळा होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील शिक्षक हॅरी शबाझियन यांनी या मुलांसमोर शहराच्या मॅरेथॉनचे, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरचे आव्हान ठेवले आणि स्वतः त्यांच्याबरोबर धावू लागले. पुढे एरिक स्पिअर्स आणि पॉल ट्रॅपानी हे शिक्षक त्यांना येऊन मिळाले व त्यातून ‘स्टुडंट्स रन एल.ए.’ ही संस्था उभी राहिली. २००४ साली फिलाडेल्फियातही त्याच धर्तीवर असे काम सुरू झाले.

इतके मोठे अंतर कशासाठी, असे कोणीही विचारील. शंभर मीटरची शर्यत बव्हंशी उपजत वेगावर ठरते. लांब पल्ल्याचे धावणे मात्र सामान्य शरीरालाही सावकाश साधते. आरंभी मूल दोन किलोमीटरांतच थांबते. मग धावता धावता बोलता येईल इतक्याच वेगाने, दर आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवत जायचे. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतील साखरेचा साठा आटू लागतो आणि पाय शिशाचे होतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण येथे कामी येत नाही, हे पालकांनी विशेष लक्षात घ्यावे! अनेक महिन्यांची तयारी हाच एक उपाय.

या महिन्यांतच खरे काम घडते. टेबलापलीकडे बसलेल्या मोठ्या माणसाशी पंधरा वर्षांचा मुलगा सहसा बोलत नाही. खांद्याला खांदा लावून, नजर रस्त्यावर ठेवून धावताना तोच मुलगा घरातले भांडण सांगतो, नापास झालेला विषय सांगतो. शिक्षकालाही धाप लागलेली असते. पुष्कळदा विद्यार्थीच पुढे असतो आणि मागे वळून गुरुजींची वाट पाहतो. अशा मार्गदर्शकाची पहिली पात्रता म्हणजे ठरल्या वेळी हजर असणे. मोठ्यांनी दिलेले शब्द मोडताना ज्याने वारंवार पाहिले आहे, त्याला एका सकाळची गैरहजेरीही पुरेशी असते.

यात भाग घेणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य शालेय शिक्षण पूर्ण करतात, असे संस्था अभिमानाने सांगते. त्याचे सगळे श्रेय धावण्याला देणे घाईचे ठरेल. महिनोन्‌महिने पहाटे येणाऱ्या मुलांत मुळातच थोडी जिद्द असणार. परंतु ती जिद्द त्याआधी कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती, हेही तितकेच खरे.

शिवाय हे काम केवळ सदिच्छेवर चालत नाही. मुलांना बूट लागतात, प्रवेशशुल्क भरावे लागते; संस्था हा खर्च स्वतः उचलते. अनवाणी धावण्याची कथा पदक मिळाल्यानंतर ऐकायला बरी वाटते. तापलेल्या डांबरावरून रोज धावणाऱ्या मुलाला ती तशी वाटत नसावी.

मॅरेथॉनच्या दिवशी पहिला येणारा धावपटू साधारण सव्वादोन तासांच्या आत पोहोचतो. ही मुले त्यानंतर कितीतरी वेळाने, कोणी पाच तासांनी, कोणी सहा तासांनी, आपल्या शिक्षकांबरोबर येतात. अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात तेथे पदक घातले जाते.