उमेदवाराला एकट्याला धाडू नका

(विश्वकर्मा जयंतीच्या कार्यक्रमातील भाषणाचा संपादित अंश)



भारतीय मजदूर संघ आजचा दिवस राष्ट्रीय श्रम दिवस म्हणून पाळतो. सकाळी आपण हत्यारांची पूजा केली. ते हत्यार ज्याच्या हाती नुकतेच दिले, त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या उमेदवाराविषयी आज बोलायचे आहे.

आय.टी.आय.मधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन मुलगा उमेदवारीस लागतो. चार दिवसांत त्याला सांगितले जाते, "जा रे, तेवढा बोर्ड बघून ये." सोबत कोणी नसते. एका जाणत्या माणसाचा अर्ध्या दिवसाचा रोज वाचतो, एवढेच त्यामागचे शास्त्र!

१९६१चा शिकाऊ उमेदवार अधिनियम त्याला कामगार नव्हे, शिकणारा मानतो. कामावर इजा झाल्यास भरपाईचे दायित्व मात्र मालकावर ठेवतो. जो शिकणारा आहे, त्याच्याजवळ शिकविणारा नको काय? गुरु-शिष्य परंपरेचा अभिमान आपण सांगतो. त्या परंपरेत गुरू फोनवरून सूचना देत नसे.

वीज दिसत नाही, हे तर खरेच. पण साध्या साठ वॅटच्या दिव्यातून जेवढा प्रवाह वाहतो, त्याच्या सुमारे पंचविसाव्या भागानेही हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. अनेकदा ओरडताही येत नाही. अशा वेळी मुख्य स्विच बंद करणारा दुसरा माणूस हवा. एकट्याचा धोका तो हाच.

म्हणून स्विच बंद केला एवढ्यावर थांबू नये. त्याला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि 'काम चालू आहे' असा फलक टांगावा. मग तपासणी. खिशातल्या टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे समजणे घातक आहे. तपासणीचे उपकरण आधी चालू जागी लावून पाहावे, मग कामाच्या जागी आणि पुन्हा चालू जागी. इन्व्हर्टर अथवा जनित्रातून उलट येणारी वीज तर अनुभवी माणसालाही चकविते. इथे उमेदवाराने 'मी करणार नाही' म्हटले, तर त्यास उद्धट ठरवू नये.

माता-पित्यांनी विद्यावेतन किती, हे विचारताना देखरेख कोणाची, हेही विचारावे. आणि शाखांनी एखाद्या रविवारी छातीदाबाने हृदयक्रिया सुरू ठेवण्याचे प्रात्यक्षिक वैद्यकीय कार्यकर्त्यांकडून करून घ्यावे. त्यास उमेदवारांबरोबर त्यांचे ज्येष्ठ वायरमनही बोलवावेत.