विजापूरच्या हातून जावळी कशी गेली
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेले व्याख्यान)



महाड-पोलादपूरच्या डोंगरांत बसून इतिहास ऐकावयाचा म्हणजे तो शिवछत्रपतींचाच, हे ओघाने आलेच. पण आज तो जरा पलीकडच्या बाजूने पाहावयाचा आहे. महाराजांनी मुलूख कसा मिळविला हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. विजापूरच्या आदिलशाहीने तो गमावला कसा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

१६३६ साली निजामशाही बुडाली. शहाजहान बादशहाशी झालेल्या तहाने निजामशाहीतला पुणे प्रांत आणि उत्तर कोकण विजापूरला जवळजवळ आयते मिळाले. पण दरबाराचे डोळे लागले होते कर्नाटकाकडे. तेथे श्रीमंत नगरे होती, लूट होती. मातब्बर सरदार आणि फौजा तिकडेच गुंतल्या. सह्याद्रीत काय होते? नाचणी, वरी, रान आणि पाऊस! हा मुलूख दरबाराने वतनदारांच्या भरवशावर सोडला.

जावळी पिढ्यान्‌पिढ्या मोऱ्यांकडे होती. ‘चंद्रराव’ हा त्यांचा किताब विजापूरचाच. चंद्रगड, मंगळगड, रायरी ही ठाणी आणि पारघाटाची वाट त्यांच्या हातात. घाटावरचा माल असल्याच वाटांनी सावित्रीकाठच्या महाड बंदराला उतरे. म्हणजे जावळी ज्याची, त्याची घाटावर आणि बंदरावर नजर. विजापूरने ही किल्ली मोऱ्यांच्या कमरेला बांधली आणि ती विसरून गेले.

१६५६ च्या जानेवारीत महाराजांनी जावळी घेतली. चंद्रराव रायरीवर जाऊन बसले. काही महिन्यांत रायरीही पडली आणि पुढे मोरे मारले गेले. एवढे होईपर्यंत विजापूरची फौज काही त्यांच्या मदतीस आली नाही. मोऱ्यांची माणसे मात्र वाऱ्यावर राहिली नाहीत. महाडकडचे मुरारबाजी देशपांडे मोऱ्यांकडून लढले होते. ते महाराजांकडे आले आणि १६६५ साली पुरंदरावर स्वराज्यासाठी पडले.

१६५६ च्या नोव्हेंबरात मुहंमद आदिलशहा वारला. गादीवर तरुण अली, कारभार बड्या बेगमेकडे. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर आणि कल्याणी घेतली. तहात विजापूरने मोगलांना जो मुलूख देऊ केला त्यात निजामशाही कोकणही होते; आणि ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी महाराजांनी आपल्याकडे ओढली!

मग १६५९ साली अफझलखान निघाला. खानाच्या फौजेची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्याच्या अगोदर निघालेली कागदाची फौज अधिक बघण्यासारखी आहे. मावळच्या देशमुखांना दरबारची फर्माने आली की खानाला सामील व्हा, नाही तर वतन जाईल. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. मान, पानसुपारी, पूर्वजांचे नाव, सारेच त्यात आले. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. वरंध घाटाच्या वर, रोहिडखोऱ्यात, कान्होजी जेधे म्हातारे झालेले. मुलांना घेऊन महाराजांपुढे आले आणि शहाजीराजांशी झालेल्या शपथेला स्मरून त्यांनी वतनावर पाणी सोडले. विजापूर कुठे हरले असे कोणी विचारले, तर प्रतापगडाच्या आधी तेथे बोट ठेवावे लागेल.

खान वाईहून जावळीत उतरला. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काय झाले ते सांगावयास नको. (ही हकीकत ‘शिवभारता’त गाणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरातच आहे, येथील पुष्कळांचे पाय तिकडे वळत नाहीत, एवढे सांगितले पाहिजे.) अठराव्या दिवशी पन्हाळा महाराजांच्या हाती आला.

मुलूख घेणे एक, ठेवणे दुसरे. महाराजांनी मोऱ्यांच्या जागी दुसरा चंद्रराव केला नाही. देशमुखांचे कोट-हुडे पाडविले, त्यांचे हक्क बांधून दिले, किल्ल्यांवर पगारी माणसे नेमली. देवस्थानांची पूर्वीची इनामे चालू ठेवली. रयत आणि सरकार यांच्यामधली भिंत उतरली. रायरीचा रायगड झाला आणि ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. विजापूर १६८६ साली औरंगजेबापुढे पडले.

रायगडही १६८९ साली मोगलांकडे गेला. जिंजीस गेलेल्या राजाराम महाराजांना त्या संकटात वतनांची आश्वासने देऊन देशमुखांना पुन्हा जवळ करावे लागले.